वीजतंत्री घडतो कसा?

दहावीचा निकाल लागला, की औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या आवारात पालकांची गर्दी सुरू होते. फलकावर व्यवसायांची नावे लावलेली असतात : जोडारी, कातारी, संधाता, तारतंत्री, वीजतंत्री. ही मराठी नावे मला फार आवडतात. लोखंडाला लोखंड जोडणाऱ्याला संधाता म्हणावे, हे ज्या कोणाला सुचले त्याला नमस्कार करावासा वाटतो. पण फलकापुढे उभा राहिलेला बाप मात्र, "इलेक्ट्रिशियनला लागला का हो नंबर?" असेच विचारतो. आणि नंबर लागला, की प्रवेशाचा अर्ज भरता भरता दोन प्रश्न ठरलेले. बाप विचारतो, "पुढं नोकरी लागेल ना?" आई विचारते, "शॉक तर नाही ना लागणार?"

या व्यवसायाचा निदेशक म्हणून मी पुष्कळ वर्षे काम केले. बापाच्या प्रश्नाचे उत्तर मी उभ्या उभ्या देत असे, कारण जिथे दिवा आहे, पंप आहे, लिफ्ट आहे, तिथे वीजतंत्र्याला काम आहे. आईच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मात्र दोन वर्षे लागतात. दहावीला गणित आणि शास्त्र घेऊन पास झालेला मुलगा या व्यवसायाला येतो आणि दोन वर्षांनी बाहेर पडतो. मधल्या काळात आम्ही त्याचे काय करतो, ते आज सांगायचे आहे.

आधी थोडा इतिहास, अगदी थोडा. मुंबईत ट्रॅम कंपनीने १९०५ साली विजेचा पुरवठा सुरू केला. १९१५ साली खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. वीज आली, गिरण्या तिच्यावर चालू लागल्या, पण तारा ओढणारा माणूस शिकायचा तो उस्तादाच्या हाताखाली. उस्ताद शिडीवर, पोरगा खाली शिडी धरून. पाहून पाहून तो शिकत असे. काम कसे करायचे ते त्याला समजे. तसेच का करायचे, ते बहुधा उस्तादालाही सांगता येत नसे. ही रीत मी तुच्छ मानत नाही. त्या हातांनी उत्तम कामे केली आहेत. पण ज्या चुकीतून शिकायचे ती चूकच जिथे जीव घेते, तिथे पाहून पाहून शिकणे फार महाग पडते. दुसऱ्या महायुद्धात कारागिरांची निकड भासली, तेव्हा सरकारने त्यांच्यासाठी वर्ग काढले. स्वातंत्र्यानंतर, १९५० साली, केंद्र सरकारने कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली. १९५६ साली राष्ट्रीय पातळीवर व्यवसाय प्रशिक्षणाची परिषद स्थापन झाली आणि अभ्यासक्रम देशभर एकच झाला. १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. तिकडे १९६० साली आपल्या राज्यात वीज मंडळ आले आणि पुढच्या काळात खेडोपाडी खांब उभे राहिले. खांब वाढले तशी माणसे लागू लागली, आणि तालुक्यातालुक्याला या संस्था निघाल्या. असो.

आता तुकडीकडे वळू. वीस मुले असतात. पहिल्या दिवशी प्रत्येकाला वाटते, आज वायर हातात मिळणार. मिळत नाही. पहिले काही दिवस सारे सुरक्षिततेचे. अंगठी काढा, हातातले कडे काढा, गळ्यातली साखळी घरी ठेवून या. पायात रबरी तळाचे बूट हवेत, चप्पल चालणार नाही. विजेने लागलेल्या आगीवर पाणी मारायचे नाही. आधी पुरवठा तोडायचा, मग कोरड्या भुकटीचे किंवा कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे वापरायचे. शॉक लागलेल्या माणसाला हात लावून ओढायचे नाही. मेन स्विच बंद करायचा; तो हाताशी नसेल तर कोरड्या लाकडाने तार बाजूला सारायची. ही झाली घरगुती दाबाची गोष्ट. खांबावरच्या उच्च दाबाच्या तारेपुढे लाकूडही भरवशाचे नसते, तिथे पुरवठा बंद होईपर्यंत लांबच राहायचे.

मग एक सतरंजी अंथरून, त्यावर एकाला निजवून, बंद पडलेला श्वास आणि हृदय पुन्हा चालू करण्याचा पाठ. जुन्या पुस्तकांत माणसाला पालथे घालून पाठ दाबण्याच्या रीती असत. त्या आता मागे पडल्या. आता पुतळ्याच्या छातीच्या मध्यावर दोन्ही तळहातांनी, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, पाच सेंटीमीटर खोल दाब द्यायला शिकवतात. जिवंत मुलाच्या छातीवर हा सराव करायचा नसतो, हे आधीच बजावावे लागते. या रीतीच्या मागे एक वीजतज्ज्ञ आहे, हे मी मुलांना मुद्दाम सांगत असे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले विल्यम कौवेनहोवेन हे विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक. लाइनवर काम करणारे कामगार शॉकने मरतात, त्यांचे काय करता येईल, या विचारातून त्यांचे संशोधन सुरू झाले आणि १९६० साली त्यांनी आपल्या दोन सहकाऱ्यांसह छातीवर बाहेरून दाब देण्याची ही रीत प्रसिद्ध केली. आज दवाखान्यातले डॉक्टर जे करतात, ते एका अर्थी आमच्या धंद्याने त्यांना दिलेले आहे. हे सांगितले की मुलांची मान जरा ताठ होते.

त्यानंतरही वायर मिळत नाही. मिळते ती कानस. लोखंडाचा एक चौकोनी तुकडा, तो शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, पकडायचा आणि कानशीने घासून त्याचे कोन गुण्याला बरोबर लागेपर्यंत घासत राहायचे. दुसऱ्याच दिवशी कुरकुर सुरू होते. "सर, आम्ही काय जोडारी आहोत का?" हाताला फोड आलेले असतात. एखादा चलाख मुलगा दुसऱ्याचा तुकडा स्वतःचा म्हणून दाखवतो. तुकड्यावर नंबर ठोकलेला असतो, हे त्याच्या ध्यानात नसते!

कानशीचे कारण मी एका पाइपाच्या तुकड्याने सांगत असे. ज्या पाइपातून तारा ओढायच्या, तो करवतीने कापला की आतल्या कडेला बारीक धार राहते. बोट फिरवले तर रक्त येते. ती धार घासून काढली नाही, तर तारा ओढताना तिच्यावरून घासतात आणि वरचे आवरण खरवडले जाते. भिंतीचे प्लास्टर होते, रंग होतो, घरभरणी होते. दोन पावसाळ्यांनी भिंतीला ओल येते आणि मग त्या घरातले कोणी तरी म्हणते, "या भिंतीला हात लावला की झिणझिण्या येतात." हे ऐकल्यावर कानस चालवणारे हात थोडे समजुतीने चालू लागतात.

मग एकदाची वायर. पण तीही कशी? विजेला न जोडलेली. ती सोलायची, आतल्या तांब्याला चरा पडता कामा नये, आणि तिचे सांधे करायचे : पिळाचा सांधा, टी सांधा, ब्रिटानिया, वेस्टर्न युनियन. आता बाजारात तयार कनेक्टर मिळतात. यांतले काही सांधे मुलगा पुढे आयुष्यात पुन्हा करणारही नाही. तरी ते करून घ्यावेत, असे माझे मत आहे. ढिला सांधा म्हणजे काय, ते बोटांना कळल्याशिवाय कागदावर कळत नाही. आणि कागदावर कळायला हवेच, म्हणून लगेच गणित. एका सांध्याचा रोध अर्धा ओहम आहे असे धरा. त्यातून दहा अँपिअरचा प्रवाह जातो, म्हणजे एका गिझरला लागतो त्याहून थोडा जास्त. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध : शंभर गुणिले अर्धा, पन्नास वॅट. एवढ्या उष्णतेवर डाग देण्याची कावी तापते. ती कावी तुम्ही एका बंद लाकडी पेटीत, रबर-प्लॅस्टिकच्या शेजारी, तासभर चालू ठेवली तर काय होईल? "शॉर्टसर्किट होऊन आग लागली," असे वर्तमानपत्रात येते, त्यातल्या कित्येक आगींच्या मुळाशी असा एखादा ढिला सांधा असतो.

गणिताचे नाव निघाले म्हणून सांगतो. आमच्याकडे येणाऱ्या पुष्कळ मुलांना शाळेने सांगून ठेवलेले असते, की तुला डोके नाही, हात आहेत, तर आयटीआयला जा. हा समज फार नुकसान करतो. मुलगा येतानाच वही घरी ठेवून येतो. त्याला मी ज्यांची नावे सांगत असे, त्यांतला एक ओहम. ज्याचा नियम ही मुले पहिल्या सहा महिन्यांत पाठ करतात, त्या गेऑर्ग ओहमचा बाप जर्मनीतल्या एर्लांगेन गावात कुलपे बनवणारा कारागीर होता. ओहम शाळामास्तर झाला, वेगवेगळ्या लांबीच्या नि जाडीच्या तारा घेऊन मोजत बसला आणि १८२७ साली त्याने आपला ग्रंथ छापला. दुसरा फॅराडे. तो लंडनमध्ये वयाच्या चौदाव्या वर्षी एका पुस्तकबांधणीवाल्याकडे सात वर्षांची उमेदवारी करायला लागला होता. १८३१ साली त्याने जो शोध लावला, त्यावर आपले सारे डायनॅमो आणि ट्रान्सफॉर्मर उभे आहेत. हात आणि डोके यांची अशी वाटणी या दोघांच्या घरी झालेली नव्हती.

आता आईच्या प्रश्नाकडे येतो. शॉक लागू नये म्हणून मुलाला काय शिकवायचे? घाबरायला? घाबरलेल्या माणसाचा हात थरथरतो, आणि थरथरणारा हात नको तिथे लागतो. मग धीट व्हायला? धीटपणाने मेलेले आमच्या धंद्यात थोडे नाहीत. आम्ही शिकवतो ते वेगळेच. विश्वास ठेवायचा नाही, हे शिकवतो. स्विच बंद आहे असे कोणी सांगितले, विश्वास ठेवायचा नाही. मेन पाडला आहे, तरी नाही. लाइट गेली आहे, तरी नाही. स्वतः तपासायचे.

आणि तपासायचे ते तरी कशाने? खिशातल्या टेस्टरने. तर टेस्टरवरही विश्वास ठेवायचा नाही. त्याच्या आत एक निऑनचा छोटा दिवा असतो आणि त्याच्या मागे सुमारे दहा लाख ओहमचा रोध. टोक जिवंत तारेला लागले, की अगदी क्षीण प्रवाह त्या रोधातून, तुमच्या अंगठ्यातून, अंगातून जमिनीत जातो आणि दिवा उजळतो. प्रवाह एवढा क्षीण असतो, की तुम्हाला कळतही नाही. पण तुम्ही कोरड्या लाकडी स्टुलावर उभे असाल, पायात जाड रबराचे बूट असतील, तर तो दिवा इतका मंद लागतो की दुपारच्या उजेडात दिसत नाही. तुम्ही म्हणता, वीज नाही. वीज असते. म्हणून टेस्टर आधी जिथे वीज नक्की आहे तिथे लावून पाहायचा. तो पेटला, मग जिथे काम करायचे तिथे लावायचा. तिथे नाही पेटला, तर पुन्हा एकदा पहिल्या ठिकाणी लावून, तो मधल्या मधे बिघडला नाही ना, ते पाहायचे. तीनदा. बरे मीटर किंवा चाचणी-दिवा असेल तर तो वापरायचा, पण त्याचीही अशीच तीन वेळा परीक्षा. मुले हसतात. दोन वर्षांत रोज हे करून घेतले, की पुढे हात आपोआप तीनदा जातो. माझ्या मते वीजतंत्री घडला की नाही, याची खरी खूण तीच. परीक्षेतले गुण नंतर.

हा अविश्वास आज पूर्वीपेक्षा अधिक लागतो. पूर्वी मेन पाडला, फ्यूज काढून खिशात घातला, की घर मेले. आता घरात इन्व्हर्टर असतो. गच्चीवर सौर पट्ट्या असतात. सोसायटीच्या खाली जनित्र असते. मेन बंद असतानाही यांपैकी कोणी तरी दुसऱ्या बाजूने तार जिवंत ठेवू शकतो. खांबावर चढणाऱ्या माणसाला तर हा धोका फारच मोठा. खाली एखाद्या दुकानदाराने आपले जनित्र चुकीचे जोडलेले असले, तर बंद केलेल्या लाइनमध्ये मागून वीज येते आणि ट्रान्सफॉर्मर तिचा दाब उलट वाढवतो. म्हणून लाइन बंद केल्यावर, तपासल्यावर, तिला दांडीने जमिनीशी जोडूनच तिच्यावर काम करायचे, असा दंडक आहे. पटांगणात खांब रोवून त्यावर हा सराव करून घेतात.

दिवा-बटणाचे धडे यानंतर येतात, आणि त्यात मुलांना खरी मौज वाटते. जिन्याचा दिवा खालून लावायचा आणि वरून मालवायचा, हे पहिल्यांदा जमते तेव्हा ती सारखी खालवर बटणे दाबत बसतात. त्यांना दाबू द्यावीत. मात्र एक गोष्ट इथेच पक्की करायची. बटण नेहमी फेजच्या तारेवर हवे, न्यूट्रलवर नव्हे. न्यूट्रलवर बसवले तरी दिवा लागतो आणि मालवतोही. घरमालकाला फरक कळत नाही. फरक एवढाच, की मालवलेल्या दिव्याचे होल्डर जिवंत राहते. दिवा बदलायला बटण बंद करून स्टुलावर चढलेल्या गृहिणीला तो फरक कळतो.

आता ज्यासाठी हे भाषण करायला मी विशेष उत्सुक होतो, तो विषय : अर्थिंग. सॉकेटला वरच्या बाजूला जे मोठे छिद्र असते, त्यात येणारी हिरवी तार. या तारेने दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही. ती काढून टाकली तरी घरातली प्रत्येक वस्तू जशीच्या तशी चालते. म्हणूनच ती प्रथम काढली जाते.

तिचे काम काय, ते आम्ही फळ्यावर आकड्यांनी दाखवतो. इस्त्रीच्या आत तार तुटून तिच्या लोखंडी अंगाला टेकली. दाब दोनशेतीस व्होल्ट. हिरव्या तारेतून, जमिनीतून, ट्रान्सफॉर्मरपर्यंत परत जाण्याच्या साऱ्या वाटेचा रोध पाच ओहम असेल, तर प्रवाह किती? दोनशेतीस भागिले पाच, सेहेचाळीस अँपिअर. सहा अँपिअरचा फ्यूज डोळ्याचे पाते लवते न लवते तोच वितळतो. इस्त्री मरते, माणूस वाचतो. आता तोच रोध पन्नास ओहम धरा. प्रवाह साडेचार अँपिअरच्या थोडा वर. फ्यूज हलतही नाही. तार आहे, खड्डा आहे, कागदावर अर्थिंग आहे, आणि इस्त्रीचे अंग जिवंतच आहे. ओल्या अंगाच्या माणसाचा रोध हजार ओहमच्या आसपास धरतात. म्हणजे त्याच्या अंगातून दोनशे मिलिअँपिअरच्या घरात प्रवाह जाऊ शकतो. दहाच्या सुमारास मुठीचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडवत नाही. पन्नास ते शंभरच्या दरम्यान हृदयाची लय बिघडू शकते. "बीजगणित कशाला शिकायचं, सर?" असे विचारणारा मुलगा या ठिकाणी गप्प होतो.

पाच आणि पन्नास यांतला फरक जमिनीत असतो. कोळसा आणि मीठ घालून पुरलेला पत्रा किंवा अडीच मीटर लांबीचा पाइप, त्याच्याभोवती ओल हवी. काळ्या मातीत रोध कमी येतो. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात, कोकणातल्या जांभ्यात तो चढा येतो, तिथे दोन-तीन पाइप पुरून जोडावे लागतात. आणि चैत्र-वैशाखात जमीन भाजून निघाली, की चांगले अर्थिंगही दुबळे होते. त्यासाठी खड्ड्यावर नरसाळे ठेवलेले असते, त्यात अधूनमधून पाणी ओतायचे. किती घरांत, किती शेतांवरच्या पंपाच्या खोलीत कोणी हे पाणी ओतते? ओल्या पायाने स्टार्टरच्या लोखंडी पेटीला हात लावणारा शेतकरी मात्र रोज तिथे जातो.

जिथे हिरवी तारच ओढायची नाही, तिथे काही हुशार लोक सॉकेटमध्ये न्यूट्रलचाच तुकडा अर्थच्या खिळ्याला जोडून देतात. टेस्ट-दिवा पेटतो, मालक खूश. यात कपट असे आहे, की न्यूट्रल मागे कुठे तुटला, तर सॉकेटला लावलेल्या यंत्राचे अख्खे अंग काही बिघाड नसताना जिवंत होते. आमच्या प्रयोगशाळेत हे एका डब्यावर करून दाखवत. तो डबा मुले विसरत नाहीत.

गळती-रोधक स्विच, म्हणजे ज्याला लोक आरसीसीबी म्हणतात, तो आता घरोघर बसू लागला आहे, हे फार चांगले झाले. गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांत तीस मिलिअँपिअरचा फरक पडला, की तो निमिषात पुरवठा तोडतो. पण तोही यंत्रच. त्याच्यावर परीक्षेचे एक बटण असते. ते दाबून पाहावे लागते.

दुसऱ्या वर्षाविषयी मी लवकर आटोपतो, त्यात तांत्रिक भाग फार आहे. मोटारी, जनित्रे, स्टार्टर, नियंत्रणाचे पॅनेल, आणि अलीकडे सौर ऊर्जा. त्यांतला वाइंडिंगचा पाठ मात्र सांगण्यासारखा. जळालेली मोटार समोर आली, की नवशिक्याचा हात आधी छिन्नीकडे जातो. जुनी वेटोळी भराभर तोडून काढायची असतात. इथे त्याला थांबवायचे. आधी मोज. खाचा किती, प्रत्येक खाचेत फेरे किती, तारेची जाडी किती, कोणते टोक कोठे गेले आहे, सगळे वहीत उतरव, चित्र काढ, मगच तोड. जे मोजण्यापूर्वी तोडले ते परत विचारायला कोणी उरत नाही. या कामात उतावळी मुले रडकुंडीला येतात, आणि वर्गात कधी न बोलणारा एखादा मुलगा अचानक पुढे निघतो. आणि मुलगीही. अलीकडे मुली या व्यवसायाला येऊ लागल्या आहेत. वाइंडिंगच्या टेबलावर त्यांची वही सहसा पुरी असते. मोठ्या मोटारी उचलायला त्यांना जमणार नाही, असे म्हणणाऱ्यांना मी विचारतो, की तुम्ही एकट्याने उचलता का? त्यासाठी साखळीची कप्पी असते.

सगळेच गोड आहे असे मी म्हणत नाही. कित्येक ठिकाणी यंत्रे जुनी आहेत. एका मोटारीभोवती वीस मुले उभी राहतात. पुढची चार करतात, मागची सोळा पाहतात. मग ते पुन्हा उस्तादाच्या शिडीखालचे शिक्षण झाले. निदेशकाच्या जागा रिकाम्या राहतात. पालकांनी प्रवेश घेताना इमारत पाहू नये. कार्यशाळेत जाऊन, मुलांच्या हातात हत्यारे आहेत की वह्या, ते पाहावे.

दोन वर्षे झाली, अखिल भारतीय परीक्षा झाली, प्रमाणपत्र मिळाले. बहुतेक मुले त्यानंतर एखाद्या कारखान्यात किंवा वीज कंपनीत विद्यावेतनावर शिकाऊ उमेदवारी करतात, आणि ती करावीच. काही महावितरणात विद्युत सहाय्यक म्हणून लागतात. पण पुष्कळ मुले खासगी ठेकेदाराकडे जातात, आणि दोन वर्षांत जे शिकवले ते पुसण्याचे काम तिथे सुरू होते.

माझा एक विद्यार्थी असाच एका इमारतीच्या कामावर होता. गाव सांगत नाही, ठेकेदारही नाही. चार मजले, सोळा बिऱ्हाडे. ठेकेदाराने सांगितले, हिरवी तार मीटरपासून पहिल्या बोर्डापर्यंतच ओढ. पुढे सॉकेटला न्यूट्रलचा तुकडा मार, कोण बघतंय? मुलगा म्हणाला, "मी असं करणार नाही." ठेकेदार म्हणाला, "मग उद्यापासून येऊ नकोस." तो गेला नाही. दोन महिने घरी बसला. त्याची आई मला भेटायला संस्थेत आली. ती भांडली नाही, रडलीही नाही. एवढेच म्हणाली, "सर, तुम्ही शिकवलंत म्हणून त्याचं काम गेलं. आता तुम्हीच सांगा, घरात काय शिजवू?"

त्या बाईला मी काय सांगायचे? सोळा बिऱ्हाडांतल्या कोणाचा तरी जीव तुझ्या मुलाने वाचवला, असे म्हणावे तर तेही खरे नव्हते, कारण त्याच्या जागी दुसऱ्या दिवशी दुसरा मुलगा लागला आणि तुकडे मारून मोकळा झाला. मी ओळखीच्या दोन-तीन ठिकाणी शब्द टाकला. यथावकाश त्याला एका रुग्णालयाच्या देखभालीत काम मिळाले. पुढे त्याने परवानाही काढला. आज तो बरा आहे. पण ज्याने तुकडे मारले, तो आज स्वतः ठेकेदार आहे आणि याच्यापेक्षा जास्त मिळवतो. ही गोष्ट मी वर्गात प्रत्येक तुकडीला सांगत असे, शेवटासकट. तिचा शेवट बदलून सांगावा असे मला कधी वाटले नाही.

कायदा आहे. घराची वीजमांडणी परवानाधारक ठेकेदारानेच करावी, सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली व्हावी, आणि तिची चाचणी व्हावी, असे नियम सांगतात. पण विद्युत निरीक्षक प्रत्येक भिंतीच्या आत कसा पाहील? भिंत बंद होण्यापूर्वी तिथे दोघेच असतात, काम करणारा आणि ज्याचे घर आहे तो. त्यातल्या एकाला आम्ही दोन वर्षे शिकवतो. दुसऱ्याला कोणीच शिकवत नाही.

तेव्हा श्रोतेहो, तुमच्या घरी पुढच्या वेळी काम निघेल, तेव्हा दर विचाराल तो विचारा, त्यात गैर काही नाही. पण सोबत आणखी विचारा : परवाना आहे का? हिरवी तार प्रत्येक सॉकेटपर्यंत ओढणार का? अर्थिंगचा रोध मोजून आकडा लिहून देणार का? हे मोजायचे यंत्र त्याच्याकडे नसेल तर ते भाड्याने मिळते. फ्यूज सारखा जातो म्हणून त्यात जाड तार घालून द्या, असे त्याला सांगू नका; फ्यूज का जातो ते शोध, असे सांगा. आरसीसीबीवरचे परीक्षेचे बटण महिन्यातून एकदा स्वतः दाबून पाहा. दाबल्यावर घर अंधारले नाही, तर त्याच दिवशी माणूस बोलवा. खड्ड्यावर नरसाळे असेल तर उन्हाळाभर त्यात पाणी घाला.

आणि आलेला मुलगा बोर्ड उघडण्यापूर्वी टेस्टर दुसऱ्याच चालू सॉकेटमध्ये घालून पाहू लागला, मग बोर्डात, मग पुन्हा त्या सॉकेटमध्ये, तर "अहो, मेन बंद केलाय, सांगितलं ना!" असे म्हणून त्याला घाई करू नका. त्याला त्याचे तीनदा करू द्या. चहा द्यायचा तो काम संपल्यावर द्या.